सेन्सर तुमचाच आहे, काच आमची चुकली

नमस्कार सर,

एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंय की तापकीर गल्लीतल्या आमच्या दुकानात डिस्प्ले बदलल्यापासून फोनचा ऑटो ब्राइटनेस बिघडलाय. हॉलमध्ये एलईडी ट्यूबखाली स्क्रीन काळवंडते आणि देवघरातला जुना पिवळा बल्ब लावला की भगभगते. पुढे म्हणता, 'यांनी सेन्सर काढून घेतला. काउंटरवरचा पोरगा सांगतो ट्यूब लुकलुकते म्हणून होतं, आणि मालक म्हणतात ऑटो बंदच करून टाका.'

उजेड मोजणारा सेन्सर काढलेला नाही. तुमच्या मॉडेलमध्ये तो डिस्प्लेवर नसतो, वरच्या कडेला इअरपीसशेजारी बोर्डावर असतो. मुगाच्या दाण्याहून लहान. सुटा विकायला गेलो तर चहाचे पैसेही सुटायचे नाहीत.

पोराचं म्हणणं चूक. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दिवा सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होऊ शकतो हे खरं. पण असे सेन्सर साधारण १०० मिलिसेकंद उजेड गोळा करून मगच आकडा देतात. तेवढ्यात दहा हेलकावे पुरे होतात आणि सरासरी निघते. त्याला समज दिली आहे.

खरी भानगड काचेची. सेन्सर सिलिकॉनचा, आणि सिलिकॉनला आपल्यासारखं दिसत नाही. दिवसाउजेडी आपल्या डोळ्याला सगळ्यात जास्त जाणवतो तो ५५५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचा पोपटी रंग. ७०० च्या पुढे जवळपास काहीच नाही. सिलिकॉन मात्र ११०० पर्यंत पाहतं, आणि ९०० च्या आसपास त्याची नजर फार तेज. टीव्हीच्या रिमोटचा एरवी न दिसणारा दिवा फोनच्या कॅमेऱ्यात चमकताना तुम्ही पाहिला असेल, तोच प्रकार. पिवळा बल्ब बहुतांश ऊर्जा अवरक्त, म्हणजे आपल्याला न दिसणाऱ्या, किरणांतच घालवतो, पांढऱ्या एलईडीत ते नसल्यातच जमा. म्हणजे आपल्याला दोन्ही उजेड सारखे वाटले तरी नुसत्या सिलिकॉनला बल्ब कितीतरी प्रखर वाटणार. म्हणून तुमच्या फोनच्या सेन्सरला दोन डोळे दिलेत. एक सगळं मोजतो, दुसरा फक्त अवरक्त. दुसऱ्याचा आकडा ठरलेल्या पटीत पहिल्यातून वजा केला की माणसाला दिसतं साधारण तेवढंच उरतं, लक्समध्ये, म्हणजे उजेड मोजायच्या एककात. माणसाला कोणता रंग किती दिसतो याची सर्वमान्य आलेखरेषा आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने १९२४ सालीच ठरवून ठेवली आहे, हा सगळा खटाटोप तिच्याशी जुळवून घेण्याचा.

पण ही वजाबाकी कंपनी स्वतःच्या काचेवर बेतलेली असते. सेन्सरसमोरच्या खिडकीला काळी शाई असते. ती दिसणारा उजेड किती आत सोडते आणि अवरक्त किती, त्यावर ते पट ठरतात. आम्ही लावला तो कॉपी कॉम्बो, म्हणजे काच आणि डिस्प्लेची नकली जोडी. त्याची शाई दाट. दिसणारा उजेड अडवते, अवरक्त खुशाल आत जातं. म्हणून ट्यूबखाली फोनला अंधार वाटतो. बल्बखाली वजाबाकी पुरी पडत नाही, आणि उरलेलं अवरक्त उजेड म्हणून धरलं जातं.

कॉपी लावतोय हे तुम्हाला सांगितलं होतं, बिलावरही आहे. रंग थोडे फिके दिसतील हेही बोललो होतो. खिडकीबद्दल बोललो नाही, कारण लावण्याआधी मी ती तपासलीच नव्हती. आणि 'ऑटो बंद करा' हे गर्दीच्या वेळी तोंडातून गेलं ते माझ्याच. तेही चुकलं.

ओरिजिनल कॉम्बो मागवला आहे. फक्त फरकाची रक्कम द्या, तीही आमच्या खरेदीच्या दराने, मजुरी नाही. नको असेल तर कॉपीचे पूर्ण पैसे परत. केबल जोडलेलीच ठेवून डिस्प्ले बाजूला उचलतो आणि सेन्सर उघडा असताना किती लक्स येतात, काच ठेवल्यावर किती, ते तुमच्यासमोर दाखवतो. तेवढा येताना देवघरातला तो बल्ब घेऊन या. आमच्याकडे सगळे एलईडी, त्यांच्याखाली तुमची निम्मीच तक्रार दिसते.