उभ्याउभ्या

शहरातलं माझं काम दुपारी संपलं आणि परतीची गाडी होती रात्री साडेबाराची. मधल्या वेळेचं काय करायचं हे तिथे राहणाऱ्या भाचीने परस्पर ठरवून टाकलं होतं. "मामा, संध्याकाळी इंडी रॉक बँड ऐकायला जायचंय. तुझंही तिकीट काढलंय." इंडी म्हणजे इंडियन असणार, अशा समजुतीने मी खुशाल मान डोलावली.

वाटेत तिने शिकवणी घेतली. इंडी म्हणजे इंडिपेंडंट. मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांचे उंबरे न झिजवता स्वतःचं संगीत स्वतःच काढणारे. १९७७ साली मँचेस्टरच्या बझकॉक्स नावाच्या पोरांनी उसनवारी करून चार गाण्यांची रेकॉर्ड काढली, आणि १९८०पासून ब्रिटनमध्ये अशा रेकॉर्डांच्या खपाची वेगळी यादीच निघू लागली.

"म्हणजे पदरमोड करून कवितासंग्रह छापणाऱ्यांसारखे," मी म्हणालो.

"हो. फक्त यांचं लोक विकत घेतात."

तिने बँडचं सगळ्यात गाजलेलं गाणं ऐकवलं. कोरी पाटी घेऊन जायला नको म्हणून मी त्याचं ध्रुवपद शाळेतल्या कवितेसारखं घोकून पाठ केलं. चार ओळी. एकदम चोख.

सात वाजता म्हणून मी सव्वासहालाच दारात हजर. बॅग आत नेता येत नव्हती, ती काउंटरवर ठेवून टोकन घेतलं, मनगटावर शिक्का मारून घेतला, आणि आत शिरल्या शिरल्या विचारलं, "आपल्या खुर्च्या कुठल्या?"

भाचीने माझ्याकडे इतक्या मायेने पाहिलं की मला काय ते कळून चुकलं.

सात ही दार उघडायची वेळ असते, बँड यायची नव्हे, हेही तेव्हाच कळलं. पावणेआठला चौघं जण आले. मी शिट्टीसुद्धा वाजवली. चौथ्या गाण्यानंतर भाची म्हणाली, "हे ते नाहीत रे, हे ओपनर." ते गेल्यावर एकजण आला आणि अर्धा तास नुसताच "चेक, चेक, वन, टू" म्हणत राहिला. खरं सांगतो, त्या रात्रीत तोच मला सगळ्यात आवडला. शब्द तरी कळत होते.

तोवर गुडघ्यांनी असहकार पुकारलेला. मी बगळ्यासारखा पाय बदलत होतो. त्यात माझ्यापुढे एक सहाफुटी इसम. मी उजवीकडे सरकलो की तोही उजवीकडे. त्याचा कान आणि शेजारणीचा अंबाडा यांच्या फटीतून मला ड्रमरचं डावं कोपर तेवढं दिसे. ते कोपर मी आता कुठेही ओळखेन.

सव्वानऊला खरा बँड आला. भाचीने कानांत घालायला फोमचे बोळे पुढे केले. गाणं ऐकायला यायचं आणि कानांत बोळे घालायचे? मी अपमान झाल्यासारखं तोंड केलं. मग पहिला ठोका पडला. तो कानांनी नव्हे, शर्टाच्या बटणांनी ऐकला. "जागतिक आरोग्य संघटनेने २०२२मध्ये मर्यादा सांगितलीय!" भाची माझ्या कानात ओरडली. "पंधरा मिनिटांची सरासरी शंभर डेसिबल! कानातल्या केसपेशी गेल्या की परत उगवत नाहीत!" केस परत न उगवण्याचा अनुभव डोक्यावर होताच. मी मुकाट्याने बोळे घातले.

"मागे साउंडवाल्याच्या टेबलापाशी जाऊ," मी खुणेने सांगितलं. "तो तिथूनच ऐकून आवाज जुळवतो, म्हणजे तिथेच सगळ्यात छान ऐकू येणार." कारण अगदी शास्त्रशुद्ध होतं. तिथे टेकायला कठडाही होता, हे मी बोललो नाही.

"आता नव्या अल्बममधलं एक," असं गायक म्हणाला की लोकांना एकदम स्वच्छतागृह आठवे. असं सहा वेळा झालं. माझ्या चार ओळी जिभेच्या टोकावर तशाच ताटकळत होत्या. साडेदहाला बँडने हात हलवला आणि ते आत निघून गेले. संपलं! मला गाडी गाठायची होती. मी भाचीला खुणेने निरोप दिला आणि बाहेर सटकलो. मागे लोक जागीच उभे राहून ओरडत होते. बिचाऱ्यांना संपलेलं कळलं नसावं.

"निघालात?" टोकन घेत काउंटरवाला म्हणाला. "अजून हॉलचे दिवे नाही लागले."

"म्हणजे?"

"दिवे लागेपर्यंत संपत नाही, काका. ते रुसल्यासारखं आत जातात, लोक बोलावतात, मग येतात. कोणती गाणी वाजवायची ते आधीच कागदावर लिहिलेलं असतं. गाजलेलं हमखास शेवटी."

तेवढ्यात भिंत धडधडली. जाड आवाज तेवढे भिंतीतून येतात, बाकीचे आतच राहतात. गाण्याचं मांस आत आणि सांगाडा माझ्याकडे. पण सांगाड्यावरूनही मी ओळखलं. माझंच गाणं!

फोन थरथरला. "मामा, कुठेयस? तुझं गाणं लागलंय!!"

मी बॅग आडवी केली, भिंतीला टेकवली आणि तिच्यावर बसलो. सव्वाचार तासांत पहिल्यांदाच. काउंटरवाला टोकनांनी ठेका धरत होता. चारही ओळी खणखणीत म्हणून झाल्यावर मी भाचीला उत्तर पाठवलं : "ऐकतोय. बसून."