क्लिअर चॅनेल, १६५ गाणी आणि टेलिग्रामवरचं तिकीट

आमची भाची न्यू जर्सीला असते, तिने परवा फॅमिली ग्रुपवर एक लांबलचक फॉरवर्ड टाकला आणि खाली लिहिलं की आता तिकीटमास्टरवरून (कॉन्सर्टची तिकिटं विकणारी अमेरिकन कंपनी) काही घेणार नाही, टेलिग्रामवर एक जण देतोय. म्हणून हे टाइप करतोय, एरवी असले फॉरवर्ड मी उघडतही नाही.

तर फॉरवर्ड म्हणतो: अमेरिकेतल्या क्लिअर चॅनेल या रेडिओ कंपनीने ९/११ नंतर सरकारच्या सांगण्यावरून १६५ गाण्यांवर बंदी घातली, बुशविरुद्ध बोलल्या म्हणून डिक्सी चिक्स या गायिकांच्या बँडला रेडिओवरून उडवलं, आजही तीच कंपनी रेडिओ, कॉन्सर्ट, तिकिटं सगळं खिशात घालून बसलीय, म्हणून तिकीट बाहेरून घ्या.

गाण्यांची यादी होती, खरंय. पण ती कंपनीतल्या प्रोग्रॅम डायरेक्टर लोकांमध्ये फिरलेली ईमेल होती, की बाबांनो ही गाणी सध्या वाजवताना जरा विचार करा. त्यात लेननचं 'इमॅजिन' होतं आणि रेज अगेन्स्ट द मशीन या रॉक बँडची झाडून सगळी गाणी होती, म्हणजे मूर्खपणा होताच, पण वाजवायचं की नाही ते स्टेशनवर सोडलेलं होतं. सरकारचा आदेश कुठून आला ते फॉरवर्ड लिहिणाऱ्यालाच माहीत.

डिक्सी चिक्सचं प्रकरण मात्र मला सगळ्यात जास्त खटकलं. मार्च २००३, इराक युद्ध तोंडावर, लंडनच्या स्टेजवर त्यांची गायिका नॅटली मेन्स म्हणाली की राष्ट्राध्यक्ष आमच्या टेक्ससचे आहेत याची लाज वाटते, आणि कंट्री रेडिओवरून (कंट्री म्हणजे अमेरिकन लोकसंगीताच्या वळणाची गाणी, यांचाही तोच प्रकार) त्यांची गाणी धडाधड गायब झाली. इथपर्यंत बरोबर. पण वरून हुकूम काढून आपल्या कंट्री स्टेशन्सवर गाणी बंद करणारी कंपनी होती क्युम्युलस, म्हणजे दुसरीच रेडिओ कंपनी! त्याच वर्षी जुलैत सिनेटच्या समितीपुढे तिच्या प्रमुखाला त्याचा जाब द्यावा लागला. आणि क्लिअर चॅनेल? त्या वर्षीची डिक्सी चिक्सची अमेरिका टूर त्यांच्याच कॉन्सर्ट विभागाकडे होती, म्हणजे जिची तिकिटं विकायची तिलाच बुडवायचं, असा धंदा कोण करतं? गॅब्रिएल रॉसमन नावाच्या समाजशास्त्रज्ञाने कुठल्या स्टेशनने गाणी किती कमी केली याचा हिशोबच मांडला, २००४ मध्ये 'सोशल फोर्सेस' या संशोधनपत्रिकेत छापून आलाय. त्यात निघालं की मोठ्या साखळी कंपन्यांपेक्षा त्या त्या भागातल्या श्रोत्यांचा राग जास्त कारणीभूत होता. लोकांनी फोन करकरून गाणी बंद पाडली, हे ऐकायला कुणाला आवडत नाही, कंपनीवर ढकललं की बरं वाटतं.

हां, क्लिअर चॅनेलच्या काही स्टेशन्सनी युद्धाच्या बाजूने सभा भरवल्या आणि वरच्या लोकांची बुशशी ओळख होती, हे मान्य. संशय उगाच आला नव्हता.

'आजही तीच कंपनी' हे तर सरळ चूक. १९९६ च्या कायद्याने एका मालकाकडे देशभरात किती स्टेशन्स असावीत याची मर्यादा उठवली, मग क्लिअर चॅनेल बाराशे स्टेशन्सपर्यंत गेली, २००० मध्ये एसएफएक्स ही कॉन्सर्ट भरवणारी कंपनी घेऊन कॉन्सर्टमध्ये शिरली. पण २००५ च्या शेवटी कॉन्सर्टचा धंदा वेगळा काढला, तो लाइव्ह नेशन. रेडिओवाली आता आयहार्टमीडिया, २०१८ मध्ये २० अब्ज डॉलरच्या कर्जापायी दिवाळखोरीत गेली होती. म्हणजे साप गेला आणि भुई धोपटणं चाललंय. आत्ताचं खरं दुखणं म्हणजे लाइव्ह नेशन २०१० मध्ये तिकीटमास्टरशी एक झाली ते. मे २०२४ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने मक्तेदारीचा खटला भरला, मोठ्या हॉलची सुमारे ८० टक्के तिकिटं त्यांच्याच हातात आहेत असं त्यात म्हटलंय. लोक चिडतात ते बरोबरच आहे, फी बघून माझंही डोकं फिरतं.

पण त्याचा उपाय टेलिग्राम? तिकीटमास्टरच्या बऱ्याच तिकिटांचा बारकोड फोनवर दर काही सेकंदांनी बदलतो, त्यामुळे अशा तिकिटाचा तो माणूस पाठवणार तो स्क्रीनशॉट गेटवर चालणारच नाही, आणि झेलने (तिकडे बँक खात्यातून थेट पैसे पाठवायची सोय) पाठवलेले पैसे सहसा परत येत नाहीत. फी वाचवायची तर आधी हॉलच्या खिडकीवर चौकशी कर, बऱ्याच ठिकाणी तिथे फी कमी लागते. आणि त्या टेलिग्रामवाल्याला म्हण, आधी माझ्या अकाउंटला तिकीट ट्रान्सफर कर. काय उत्तर देतो ते ग्रुपवर टाक.