गिअरबॉक्स गेलाय, साहेब

ऑटोमॅटिक गाडीला काहीही झालं की आपल्याकडे एकच निदान होतं, गिअरबॉक्स गेला. मेकॅनिक सांगतो, पंक्चरवाला सांगतो, पेट्रोल भरणारा मुलगा सांगतो आणि मेहुणा तर फोनवरूनच सांगतो. बॉनेट उघडायची गरज नसते. मॅन्युअल गाडी आजारी पडली तर लोक निदान विचारतात तरी की बाबा आवाज कुठून येतो, ऑटोमॅटिकच्या बाबतीत थेट शोकसभाच.

माझी गाडी २००९ ची. पेट्रोल सेडान, चार गिअरचा जुन्या वळणाचा टॉर्क कन्व्हर्टरवाला गिअरबॉक्स. कोथरूड ते हडपसर क्लच दाबून दाबून डाव्या गुडघ्याने राजीनामा दिला तेव्हा सेकंडहॅन्ड घेतली होती, आणि खरं सांगतो, अगदी गुणी निघाली. मग एका पावसाळ्यात तिने नवीनच प्रकार सुरू केला. सकाळी थंड असताना एकदम शहाणी. पौड फाट्याच्या सिग्नलपर्यंत इंजिन नीट तापलं की आधी डॅशबोर्डवरचं डी, म्हणजे ड्राइव्हचं, अक्षर गायब, मग खालून एक धप्पकन झटका, आणि हिरवा लागल्यावर अ‍ॅक्सिलरेटर कितीही दाबा, गाडी अशी उठते की जणू उपकार करतेय. शेजारून रिक्षा जाते, टेम्पो जातो, एकदा तर कापूस पिंजणारा सायकलवरून गेला आणि जाताना वळून बघून गेला.

गाडी बंद करून परत चालू केली की मात्र काहीच झालं नाही असं वागायची. त्यामुळे मी सिग्नलला ते करायला लागलो. आता पुण्यात सिग्नलला गाडी बंद करणाऱ्या माणसाला मागचे लोक पर्यावरणप्रेमी समजत नाहीत, काय समजतात ते इथे लिहिता येणार नाही. त्यात कधीकधी पी मध्ये, म्हणजे पार्किंगला, स्टार्टर फिरायचाच नाही, मग एन मध्ये, म्हणजे न्यूट्रलला, टाकून चावी मारली की लगेच चालू. हे मी सगळ्यांना सांगत होतो पण ऐकून घ्यायला कोणाला वेळ नव्हता, कारण निदान आधीच झालेलं होतं.

पहिला नंबर आमच्या गल्लीतल्या गॅरेजचा. तिथे कुठलाही इलेक्ट्रिकचा संशय आला की सर्वात आधी बॅटरीचा टर्मिनल काढतात, दहा मिनिटं चहा पितात आणि परत लावतात. याला ते 'रिसेट' म्हणतात. आता होतं काय, की बऱ्याच जुन्या गाड्यांत बॅटरी काढली की कॉम्प्युटरमध्ये साठलेले फॉल्ट कोड पुसले जातात, म्हणजे पंचनाम्याच्या आधीच सगळा पुरावा साफ. वर गिअरबॉक्सने तुमच्या चालवण्याच्या सवयीवरून जे शिकून ठेवलेलं असतं तेही जातं, मग पुढचे काही दिवस गाडी गिअर बदलताना नवखी असल्यासारखी अडखळते आणि मालकाला वाटतं आजार वाढला. चहाचे पैसे त्यांनी घेतले नाहीत हे मान्य करायला पाहिजे.

तिथल्याच एकाने छातीठोकपणे सांगितलं, क्लचप्लेट गेली. मी म्हणालो अरे बाबा हिला क्लचच नाहीये, खाली बघ, दोनच पेडल आहेत. तो म्हणाला, असतं साहेब, आतून असतं. आता गंमत अशी की तो बरोबर होता, पण त्याला माहीत नव्हतं की तो कसा बरोबर आहे. टॉर्क कन्व्हर्टरवाल्या डब्यात इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये तेलाचं भांडं असतं, एक पंखा तेल ढकलतो, त्या तेलाने दुसरा फिरतो, म्हणून गाडी गिअरमध्ये उभी राहूनही बंद पडत नाही. पण आत वेगवेगळे गिअर धरायला छोट्या छोट्या क्लचप्लेटा असतातच. हा मात्र बोलत होता एएमटीबद्दल. मारुतीने २०१४ मध्ये सेलेरिओत एएमटी आणली, साध्या मॅन्युअल गिअरबॉक्सवर क्लच दाबणारं आणि गिअर टाकणारं यंत्र बसवलेली, तेव्हापासून आपल्याकडे ऑटोमॅटिक म्हटलं की हाच प्रकार डोळ्यासमोर येतो. तसं बघायला गेलं तर अमेरिकेत जनरल मोटर्सने १९४० च्या ओल्ड्समोबाइलमध्ये क्लच पेडल नसलेला पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स दिला होता. बातमी अजून आमच्या गल्लीपर्यंत पोचायचीय.

मग मोठं सर्व्हिस सेंटर. एसी, कॉफी मशीन, टाय लावलेला मुलगा. गाडी तिथे पोचेपर्यंत थंड झालेली, त्यांनी आवारात दोन चकरा मारल्या, सोन्यासारखी चालली. लॅपटॉप जोडला, कोड काहीच नाही (पुसलेलेच होते ना!). तरीही एस्टिमेट आलं. गिअरबॉक्स ओव्हरहॉल, सव्वा लाख, प्लस जीएसटी. गाडीची किंमत बाजारात जेमतेम दीड लाख. मी विचारलं, कोड नाही, झटका नाही, मग ओव्हरहॉल कशाचा? तो म्हणाला, 'सर, व्हेइकल ओल्ड आहे.' हे कारण असेल तर उद्या मलाही खोलावं लागेल.

घरी आल्यावर मी स्वतः अभ्यासाला लागलो. पहिला धडा ऑइल. ऑटोमॅटिकचं ऑइल नवीन असताना बहुतेक वेळा लाल असतं, डाळिंबाच्या रसासारखं, जुनं होत जाईल तसं तपकिरी होतं, आणि क्लचप्लेटा जळायला लागल्या की काळं पडून करपल्याचा वास येतो. माझ्या गाडीला नशिबाने डिपस्टिक होती, बऱ्याच नव्या गाड्यांना तीही नसते. पण ती बघायची पद्धत इंजिन ऑइलच्या उलटी. गाडीबरोबरच्या माहितीपुस्तकाप्रमाणे गाडी तापलेली पाहिजे, सपाटीवर पाहिजे, इंजिन चालू पाहिजे, ब्रेकवर पाय ठेवून लिव्हर पी पासून खालपर्यंत सगळीकडे फिरवून परत पी मध्ये आणायचा आणि मग बघायचं. म्हणजे रविवारी सकाळी मी सोसायटीच्या पार्किंगमध्ये चालू गाडीच्या बॉनेटमध्ये वाकून टिश्यू पेपरवर थेंब टाकतोय आणि त्याचा वास घेतोय. जॉगिंगवरून येणारे एक गृहस्थ थांबले, बघितलं, काही न विचारता पुढे गेले. संध्याकाळी त्यांच्या मिसेसने माझ्या बायकोला 'सगळं ठीक आहे ना घरी' म्हणून विचारलं.

ऑइल लालसर तपकिरी, वास नॉर्मल, लेव्हल बरोबर. म्हणजे आत काही जळत नव्हतं. सव्वा लाखाच्या एस्टिमेटला पहिला तडा इथे गेला.

दुसरा धडा ओबीडी, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले फॉल्ट कोड वाचायची सोय. ऑनलाइन एक ब्लूटूथवाली डबी मागवली, स्टिअरिंगखाली खुपसली, मोबाइलवर अ‍ॅप टाकलं, आणि पुढच्या झटक्याला खरंच कोड आला, पी ०७००. मी इतका खूष झालो की बायकोला हाका मारल्या. मग अर्थ वाचला. पी ०७०० चा अर्थ एवढाच की गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरकडे काहीतरी तक्रार नोंदवलेली आहे, तिकडे चौकशी करा. आणि माझी स्वस्तातली डबी फक्त इंजिनच्या कॉम्प्युटरशी बोलायची, गिअरबॉक्सच्या नाही. तहसील कचेरीत एका खिडकीवर तासभर उभं राहावं आणि आतल्याने न बघता दुसऱ्या खिडकीकडे बोट दाखवावं, आणि ती खिडकी बंद असावी, तसं झालं.

तिसरा धडा देण्याचा प्रयत्न बी विंगच्या एका रिटायर्ड इंजिनिअर काकांनी केला. स्टॉल टेस्ट. ब्रेक पूर्ण दाबायचा, हँडब्रेक ओढायचा, डी मध्ये टाकायचं आणि अ‍ॅक्सिलरेटर पार तळापर्यंत, जास्तीत जास्त पाच सेकंद, आरपीएम किती जातो बघायचं. ठरलेल्या आकड्याच्या फार वर गेला तर आतले क्लच घसरतायत, फार खाली राहिला तर इंजिनात दम नाही नाहीतर कन्व्हर्टरमध्ये गडबड. टेस्ट खरी आहे, पुस्तकातली आहे. पण काकांचा आग्रह की ती आत्ता, इथे, कंपाउंडच्या भिंतीकडे तोंड करून करू. भिंतीच्या पलीकडे महावितरणचा डीपी आहे. मी म्हणालो काका, ब्रेकपॅड पण २००९ चेच असतील तर? काका त्यावर 'तुमच्यात धाडस नाही' म्हणून गेले ते गणपतीच्या वर्गणीलाच भेटले.

याच सुमारास तळमजल्यावरच्या काकूंनी मला गेटवर थांबवून माझे आभार मानले. मला कळेना कशाबद्दल. तर म्हणे, 'तुम्ही रात्री गाडी लावताना तो पांढरा लाइट माझ्या बेडरूममध्ये यायचा ना, तो हल्ली लावत नाही तुम्ही, किती सांगत होते, शेवटी ऐकलंत हो.' मी म्हणालो, अहो त्यात काय काकू. फुकटचं पुण्य कोण नाकारतं.

शेवटी ऑफिसमधल्या एकाने भोसरीकडचा एक मेकॅनिक सांगितला जो फक्त ऑटोमॅटिकच करतो. पत्र्याची शेड, कॉफी मशीन नाही, आणि पोरगं माझ्या मुलाएवढं. त्याने मला काका म्हटलं, ते असो. पण एवढ्या सगळ्या प्रवासात प्रश्न विचारणारा हा पहिला माणूस. गरम असताना होतं की थंड? चढावर? लिव्हर हलवला की होतं का? डॅशवरचं अक्षर झटक्याच्या आधी जातं की नंतर? पी मध्ये स्टार्ट होते का दरवेळी? आणि मग, 'काका, रिव्हर्सचे लाइट लागतात का?'

म्हटलं हल्ली नाही लागत, आमच्या काकू त्यामुळे खूष आहेत.

तो हसला आणि पान्याऐवजी लिव्हरच हातात घेतला. इंजिन चालू, लिव्हर डी मध्ये, हलकेच मागेपुढे दाबला. डी गेलं. सोडला, आलं. गिअरबॉक्सच्या बाहेर, लिव्हरची केबल जिथे येते तिथे एक स्विच असतो, इनहिबिटर स्विच, गॅरेजमध्ये बरेचजण न्यूट्रल स्विच म्हणतात. लिव्हर कुठे आहे हे कॉम्प्युटरला तोच सांगतो. पी आणि एन सोडून स्टार्टर फिरू न देणं, डॅशवरचं अक्षर, माझ्या गाडीत रिव्हर्सचा दिवाही, सगळं त्याच्याच हातात. तो गप्प बसला की कॉम्प्युटरला कळेना कुठला गिअर द्यायचा, मग तो सुरक्षित म्हणून तिसरा धरून बसायचा, ज्याला लिंप मोड म्हणतात, आणि मी सिग्नलवरून तिसऱ्यात उठायचो. तेलाचं भांडं मध्ये होतं म्हणून उठायचो तरी. त्याने स्वतःचा स्कॅनर जोडला, जो त्या बंद खिडकीशी बोलू शकत होता. पी ०७०५. लिव्हरच्या जागेचा सेन्सर. कनेक्टर काढला तर पिनांवर हिरवा थर, पावसाचं पाणी आत गेलेलं. सव्वा लाखाचा गिअरबॉक्स आतून ठणठणीत होता आणि रुसली होती त्याच्या अंगावर बाहेरून बसवलेली मुठीएवढी वस्तू.

नवीन स्विच नाना पेठेतून आणला, एन मध्ये खुणेला खूण जुळवून बसवला, ऑइल बदललं, सगळं मिळून साडेसहा हजार. मेहुण्याला फोन करून सांगितलं तर म्हणाला, 'बघ हं, तात्पुरतं असेल, गिअरबॉक्स जाणारच.'

त्या रात्री गाडी रिव्हर्स घेऊन लावत होतो तर तळमजल्याची खिडकी उघडली. 'परत सुरू केलंत का हो तुम्ही ते?' मी स्विचचं सगळं समजावून सांगितलं, कोडसकट. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, 'मग ती जुनी वस्तू परत बसवता येणार नाही का?' बऱ्याच वाटाघाटींनंतर जाड कापडाच्या पडद्यावर तडजोड झाली. लक्ष्मी रोडवरून आणला, बावीसशे रुपये, शिलाई धरून. बायको खर्चाची वही लिहिते, तिने तो गाडीच्या पानावर, गिअरबॉक्स दुरुस्तीच्या खाली लिहिलाय.