मोज्याला आहे एक

आमच्या पिकअपमधल्या अँप्लिफायरची, म्हणजे गाण्यांचा आवाज वाढवणाऱ्या डब्याची, वायर तळमजल्यावरच्या काकांनी बसवून दिली, अशी बातमी आहे. बातमीदारही काकाच. काल रात्री जिन्यात एकाने मला विचारलं, "काकांनी केलं म्हणे तुमच्या गाडीचं काम?" मी "हो, म्हणजे..." म्हणेपर्यंत तो दीड मजला वर पोचला होता. त्या "म्हणजे"च्या पुढचं वाक्य तेव्हापासून घशात अडकलंय, ते इथे काढून टाकतो.

मुळात ही वायर आधी एका फिटरने टाकली होती. दाराच्या फटीतून. बॅटरीपासून निघून, बॉनेटच्या कडेने, बिजागरीजवळून थेट केबिनमध्ये. दहा मिनिटांत काम झालं म्हणून मीही खूश होतो. पुढे दार लावताना "धप्प"ऐवजी "थच्च" असा आवाज यायला लागला. परवा वाकून पाहिलं तर वायर पोळपाटाखाली सापडल्यासारखी चपटी झालेली, आणि एका ठिकाणी इन्सुलेशन फाटून आतली तार माझ्याकडे बघून चमकत होती. फिटरला सांगितलं तर म्हणाला, "आपण शंभर गाड्यांना असंच केलंय." उरलेल्या नव्याण्णव गाड्यांची मला अधूनमधून रात्री काळजी वाटते.

ही काळजी उगाच नाही. हेडलाइटचा ५५ वॅटचा बल्ब पाचएक अँपिअर खातो. अँप्लिफायरची वायर त्याच्या दहापट, वीसपट करंट वाहून न्यायला टाकलेली असते आणि तिचं एक टोक थेट बॅटरीच्या प्लसला असतं. गाडीचा सगळा पत्रा मायनस. दोघांची गाठ पडली की बॅटरी शेकडो अँपिअर ओतते आणि वायरची शेगडी होते. म्हणून फ्यूज बॅटरीच्या जवळ लावायचा, फार तर १८ इंचांवर. फ्यूज अँप्लिफायरला वाचवायला असतो असं अनेकांना वाटतं. तो वायरला वाचवायला असतो. बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधला तुकडा कोणीच वाचवत नाही, म्हणून तो जितका आखूड तितकं बरं. आमच्या फिटरने फ्यूज लावला होता. सीटखाली, अँप्लिफायरच्या शेजारी, नीट टाय मारून. म्हणजे आग लागली असती तर फ्यूज तेवढा शाबूत सापडला असता.

थोडक्यात, मी ठरवलं की वायर आता आपणच टाकायची, आणि इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून, म्हणजे फायरवॉलमधून, रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेवर बसणारी रबरी कडी) बसवून टाकायची. पत्र्याला नुसतं भोक पाडून वायर ओवली तर इंजिनच्या थरथरीने त्या भोकाची कड करवतीसारखी चालते. दिवसाला केसाएवढी. तिला घाई नसते.

दहा नंबरच्या पान्याने बॅटरीचा मायनस आधी सोडवला. प्लस आधी सोडवताना पाना पत्र्याला टेकला की पान्याचं वेल्डिंग होतं, आणि हे ज्ञान मला वाचून मिळालेलं नाही. मग ड्रायव्हरच्या बाजूने आत शिरलो. आत शिरलो म्हणजे डोकं पेडलांच्या खाली, पाठ गाडीच्या उंबऱ्यावर, पाय दाराबाहेर. या आसनात माणूस कितीही शिकलेला असला तरी बाहेरून अपघातग्रस्तच दिसतो.

तिथे पडून मी तासभर भोकासाठी जागा शोधत होतो. फायरवॉल दिसायला मोठी असते, पण मोकळी म्हणून नसतेच. इथे पाडावं तर पलीकडे ब्रेकचा बूस्टर, तिथे पाडावं तर स्टिअरिंगचा दांडा. डावीउजवीकडे सरकावं तर एसीचं आणि हीटरचं खोकं. पिवळ्या वेष्टणातल्या वायरी एअरबॅगच्या, त्यांच्याकडे नुसतं बघायचं. मूळ वायरिंगचा जाडजूड जुडगा जिथून येतो तिथे मोठं रबर होतं, पण त्यात कारखान्याने तीळ जायलाही जागा ठेवलेली नव्हती. ड्रिल छातीवर ठेवून मी पत्र्यावर बोटाने टकटक करत होतो आणि पलीकडून काय आवाज येतो ते ऐकत होतो. डॉक्टरांसारखं.

आणि तेव्हा माझ्या पायांशी कोणीतरी बोललं.

"काय रे, ब्रेक सापडत नाहीये?"

काका. यांचा सगळा जन्म पाणीपुरवठ्यात गेला. रिटायर झाले, पण पाणी त्यांच्यातून रिटायर झालेलं नाही. त्यांच्या मते जगात जे काही वाहतं ते पाणीच, फक्त काही लोक त्याला वीज, पैसा किंवा नातेवाईक अशी वेगळी नावं देतात.

"नाही काका, वायर टाकतोय."

"मग सापडत काय नाहीये?"

"भोक."

काही क्षण शांतता. मग अत्यंत शांत आवाजात, "मोज्याला आहे एक."

मी बघू शकत नव्हतो, पण डाव्या अंगठ्याला वारा लागत होता हे खरं. पाय आत घ्यायला जागा नव्हती. म्हणून मी उजवा पाय डाव्यावर ठेवला. त्यावर काका म्हणाले, "त्यालाही आहे."

इथून पुढे काकांनी पायांशी रीतसर संवाद सुरू केला. चेहरा समोर नसला की माणसं किती मोकळी होतात! वायर केवढी जाड? कशाला एवढी? मी खालून ओरडून सांगितलं, चार गेजची. काका म्हणाले, "चारची? मग आठची घ्यायची की, दुप्पट जाड." मी म्हटलं, गेजचा आकडा जितका लहान तितकी वायर जाड. काका बराच वेळ गप्प राहिले. हा उलटा हिशेब कोणी काढला, असं त्यांनी पायांना विचारलं. पायांना माहीत नव्हतं.

"आणि पंप केवढ्याचा?"

"अँप्लिफायर, काका. डब्यावर १५०० वॅट लिहिलंय."

"आणि फ्यूज?"

"त्याच्यातच आहे, ४० अँपिअरचा."

"व्होल्ट?"

"गाडी चालू असताना चौदा धरा."

काकांनी तोंडी गुणाकार केला. "पाचशे साठ. म्हणजे टाकीत येतंय पाचशे साठ आणि नळाला पंधराशे? मधे विहीर लागलीय का?"

इथे मला पहिल्यांदा राग आला, कारण हे बरोबर होतं. डब्यावरच्या आकड्यांचं मला खरंच काही सुचत नाही. त्याच डब्यासोबत आलेली वायरही तशीच निघाली होती: बाहेरून जाडजूड लालभडक इन्सुलेशन, आत बारीकशी तार, आणि तीही तांब्याची नाही. तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. त्याच जाडीच्या तांब्याच्या तुलनेत ते बरंच कमी करंट झेपवतं आणि जास्त तापतं. डब्यावर मात्र "हेवी ड्यूटी". माणूस गाडीत आग लागेपर्यंत वायर सोलून बघत नाही, या एका भरवशावर हा सगळा व्यवहार चाललेला आहे, आणि यात विनोदी काही नाही. शुद्ध तांब्याची वायर मी वेगळी आणली होती. पण हे कौतुक मी पेडलांखालून कोणाला सांगणार?

एव्हाना काका पायांना कंटाळून बॉनेटकडे गेले. आता आवाज इंजिनाच्या बाजूने, पत्र्यापलीकडून यायला लागला.

"इकडे एक बुच आहे रे."

"कसलं बुच?"

"रबराचं. गोल. काही जोडलेलं नाही त्याला."

"काका, हात लावू नका, ते कशाचं तरी असेल!"

"कशाचंच नाहीये म्हणून तर म्हणतोय."

पुढे काय झालं ते मला नीट सांगता येईल, कारण मी अगदी जवळ होतो. काकांच्या हातात काठी होती. ती त्यांना चालायला लागत नाही, दाखवायला लागते. त्यांनी ती त्या बुचाला लावली आणि दाबली. फट् असा आवाज झाला आणि एक काळं, धुळीने माखलेलं रबर माझ्या चष्म्यावर आपटून तोंडात शिरता शिरता राहिलं. वर पत्र्यात स्वच्छ गोल उजेड पडला. त्या उजेडात काकांचा एक डोळा.

"मिळालं?"

माझी गाडी ऑटोमॅटिक. त्याच बॉडीत क्लचवाली गाडीही निघते, आणि क्लचसाठी फायरवॉलला जे भोक लागतं ते कारखान्याने माझ्या गाडीतही पाडून वर बुच मारून ठेवलं होतं. अंगचं, गुळगुळीत कडांचं, नेमकं मला हवं तिथे. गाडीसोबत आलेल्या पुस्तकात डोक्यामागची उशी वरखाली कशी करायची याला चित्रांसकट दोन पानं आहेत. या भोकाबद्दल एक ओळ नाही.

पुढचं काम सगळं मी केलं, हे मला पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं. बुचाला वायरपेक्षा किंचित लहान भोक मी पाडलं. वायरला साबण लावून त्यातून मी ओढली, हँगरची तार सरळ करून गालिच्याखालून पुढे नेली. इंजिनाच्या बाजूला तिला खाचांचा पाइप घातला, सायलेन्सरकडे जाणाऱ्या तापट नळकांड्यांपासून लांब बांधली, फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर बसवला. पिकअपची केबिन चासीवर, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्यावर, रबरी बुशांवर बसलेली असते, म्हणून नुसत्या पत्र्यावर विसंबून न राहता अर्थिंगची वायर रंग खरवडून थेट चासीला मी जोडली. गाण्याचा सिग्नल आणणाऱ्या वायरी दुसऱ्या बाजूने नेल्या, नाहीतर इंजिनचा आवाज स्पीकरमध्ये गाणं म्हणतो. हे सगळं होईपर्यंत काका खुर्ची आणून बसले होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला "वायर टाकतोय" असं सांगत होते. टाकतोय. एकवचन, प्रथमपुरुषी.

शेवटी मी बुचावर सिलिकॉन लावत होतो तेव्हा ते उठून आले, वायर न्याहाळली आणि म्हणाले, "झोळ दे."

"काय?"

"बुचाच्या आधी वायर खाली सोड आणि मग वर घे. पाणी वायरवरून चालत येतं. झोळ असला की तिथे खाली ठिबकतं, आत शिरत नाही."

मी झोळ दिला. देताना दात आवळलेले होते, पण दिला.

आज सकाळी दुसऱ्या मजल्यावरचा मुलगा नवीन अँप्लिफायरचा डबा काखेत मारून खाली उभा होता. माझ्याकडे न बघता त्याने काकांना विचारलं, "काका, माझ्याही गाडीत वायर टाकून द्याल का?"

काकांनी काठीनेच मला जवळ बोलावलं.

"देऊ की. रविवारी बसू. आडवा व्हायला हा आहेच." मग माझ्या पायांकडे बघून म्हणाले, "तू फक्त मोजे बदलून ये."