हाफ तिकिटानं एसटी बुडाली म्हणणाऱ्यांनो, आधी हे वाचा

तो "करदात्यांनो जागे व्हा" वाला मेसेज आता आमच्या घरच्या ग्रुपवर पण आला. एसटी मस्त फायद्यात होती, बायकांना हाफ तिकीट दिलं आणि बुडाली, बायका बिनकामाच्या हिंडतात आणि खरे प्रवासी उभे राहतात, सगळे रूट ट्रॅव्हल्सवाल्यांना देऊन टाका, जगात कुठलंच सरकार बस चालवत नाही, असं सगळं त्यात आहे. इतके दिवस सोडून देत होतो. पण पाटण तालुक्यातल्या माझ्या मावशीनं तो मला पाठवून खाली लिहिलं, "खरंय का रे हे? मग मी फुल तिकीटच काढत जाते." आता मात्र गप्प बसवत नाही.

पहिलं, एसटी फायद्यात होती म्हणे. कधी? जून २०२५ मध्ये सरकारनंच एसटीची श्वेतपत्रिका काढलीय, मेसेज बनवणाऱ्यानं ती नुसती उघडली असती तरी पुरे होतं. ४५ वर्षांत फक्त ८ वर्षं नफा, साचलेला तोटा १०,३२२ कोटी. महिलांचं हाफ तिकीट सुरू झालं १७ मार्च २०२३ ला. आणि पगार वेळेवर नाही, एसटीचं शासनात विलीनीकरण करा म्हणून कर्मचारी संपावर गेले २०२१ च्या दिवाळीच्या तोंडावर, म्हणजे त्याच्या जवळजवळ दीड वर्ष आधी. तेव्हा कुठल्या बाईनं बुडवली होती?

वर सवलतीचे पैसे सरकारनं महामंडळाला भरून द्यायचे असतात. ७५ च्या पुढच्या म्हाताऱ्यांना कंडक्टर शून्य रुपयाचं तिकीट देतो ते त्यासाठीच, मशीनमध्ये नोंद झाली तरच ते पैसे मागता येतात. आता हे पैसे वेळेत येत नाहीत ही ओरड खरी आहे, तोटा खरा आहे, गाड्या जुन्या झाल्यात आणि घाटात बंद पडतात हेही खरं. एवढं मान्य करतो. पण उशीर करतं सरकार, वर भाड्यावर १७.५ टक्के प्रवासी कर एसटीनं वर्षानुवर्षं सरकारलाच भरलाय, आणि शिव्या मात्र माझ्या मावशीला?

सगळ्यात वाईट मुद्दा तो बिनकामाच्या बायकांचा. सकाळी तालुक्याला जाणाऱ्या कुठल्याही गाडीत चढा आणि कोण बसलंय बघा. बाजाराला निघालेली भाजीची पाटी, मांडीवर तापानं फणफणलेलं पोर, दवाखान्याची फाईल प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून छातीशी धरलेली. मावशीला शुगर आहे, गोळ्या आणि तपासणी कराडला. जाऊन-येऊन भाड्याचे पैसे लागतात म्हणून ती मधला महिना सरळ बुडवायची, कुणाला सांगायची पण नाही, गोळ्या अर्ध्या-अर्ध्या करून खायची. हाफ तिकीट झाल्यापासून दर महिन्याला जाते. आणि समजा दवाखान्याला नाही, बहिणीकडे गेली, माहेरी जाऊन दोन दिवस राहिली, तर तुम्हाला का त्रास? आयुष्यभर शेतात राबलेल्या बाईनं गाडीत बसायला तुमची परवानगी काढायची का?

ट्रॅव्हल्सवाल्यांना रूट द्यायचं म्हणता ना, तो प्रयोग झालाय. त्याच संपात नोव्हेंबर २०२१ ला सरकारनं खाजगी बस, स्कूल बस, अगदी मालवाहू गाड्यांना सुद्धा प्रवासी न्यायची परवानगी दिली होती. संप पूर्ण मिटेपर्यंत एप्रिल २०२२ उजाडला. एवढ्या महिन्यांत आमच्याकडं वाडीवर एक ट्रॅव्हल्स फिरकली नाही, पुणे-मुंबई मात्र जोरात चालू होतं. आमच्या नशिबी वडाप, मागं दाराला लटकायचं आणि जीपवाला मागेल ते द्यायचं. शाळेच्या पोरी चालत. मुक्कामी गाडी म्हणजे काय हे तरी माहितीय का मेसेजवाल्याला? रात्री शेवटच्या गावात येते, ड्रायव्हर-कंडक्टर तिथंच झोपतात, आणि पहाटे पोरांना, दवाखानेवाल्यांना घेऊन निघते, दहाच माणसं असली तरी. मुलींना बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेत मोफत पास आहे, बाकी विद्यार्थी एक तृतीयांश भाडं भरतात. तो पास कुठला ट्रॅव्हल्सवाला घेणार आहे, नाव सांगा.

जगात कुठलंच सरकार बस चालवत नाही यावर काय बोलायचं, निपाणीला जाऊन उभं राहा, कर्नाटक सरकारच्या गाड्या दिसतील. केरळात, तामिळनाडूत तेच. अमेरिकेत तर खाजगी कंपन्यांनी सोडलेल्या गावांसाठी ग्रामीण वाहतुकीच्या केंद्रीय निधीतला साधारण १५ टक्के वाटा गाव-शहर जोडणाऱ्या बसला ठेवावा लागतो.

राहिलं उभ्यानं प्रवासाचं. गर्दी वाढलीय, खरंय. पण कोविडच्या आधी एसटीकडं १८ हजारांच्या आसपास गाड्या होत्या, आता त्याहून बऱ्याच कमी आहेत, म्हणजे माणसं वाढली आणि गाड्या घटल्या, मग उभंच राहावं लागणार. त्यावर करण्यासारखं एकच आहे, ग्रामपंचायतीचा ठराव घ्या आणि आगार व्यवस्थापकाकडं जादा फेरीचा अर्ज द्या. मावशीच्या गावानं आणि शेजारच्या वाडीनं मिळून तो तयार केलाय, सोमवारी द्यायचाय, ग्रुपवर जे जे त्या भागातले आहेत त्यांनी रविवारपर्यंत सह्या करा.