दोन रेघांनी भागत नाही

ठाण्याच्या तलावपाळीवर परवा वाद पेटला तो प्रसादच्या डिपॉझिटवरून. घोडबंदरला त्याने भाड्याने फ्लॅट घेतलाय. मालकाच्या नावाचा साठ हजारांचा चेक त्याने बाकावर बसूनच लिहिला, डाव्या कोपऱ्यात दोन तिरक्या रेघा मारल्या आणि म्हणाला, "झालं! आता दुसऱ्या कोणाच्या खात्यात जात नाही."

"जाऊ शकतो," शिल्पाताई म्हणाली. सहकारी बँकेच्या क्लिअरिंगमध्ये, म्हणजे चेक वटवणाऱ्या विभागात, तिची उमेदीची वर्षं गेली. "रेघा मारल्या की काउंटरवर रोख मिळत नाही, खात्यातच भरावा लागतो. पण नावापुढे छापलेलं 'ऑर बेअरर', म्हणजे 'किंवा आणणाऱ्याला', तू खोडलंच नाहीस. वाटेत पडला, तर ज्याच्या हाती लागेल तो भरायला नेईल. ते खोडलंस की ऑर्डर चेक होतो, म्हणजे ज्याचं नाव त्याचाच; तरी तो माणूस मागे सही करून चेक पुढे देऊ शकतोच. रेघांच्या मध्ये 'अकाउंट पेयी ओन्ली' लिही. मग पैसे त्याच नावाच्या खात्यात जमा करायचे, असा रिझर्व्ह बँकेचा बँकांना आदेश आहे."

प्रसादने लिहिलं. रक्कम पन्नास हजारांच्या वर, म्हणून तिने त्याला पॉझिटिव्ह पे पण करायला लावलं. ही सोय १ जानेवारी २०२१ पासून आहे. चेकचा नंबर, तारीख, नाव, रक्कम आपण बँकेला आधीच कळवायची. चेक आला की बँक ताडून बघते.

मंदारला हे सगळं फुकटचं वाटत होतं. "यूपीआयच्या जमान्यात कोण चेक वापरतंय?"

"मालक वापरतोय ना," प्रसाद म्हणाला. "आणखी एक मागितलाय त्याने. नुसती सही करून, कोरा. सिक्युरिटी म्हणून."

"मग दे की! रक्कम त्याने भरली तर अक्षर त्याचं. कोर्टात दाखवायचं."

इथे मी मधे पडलो, कारण हा गैरसमज माणसाला खड्ड्यात घालतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली स्पष्ट सांगितलंय: सही केलेला कोरा चेक तुम्ही आपखुशीने दिलात, तर बाकीचं कोणी भरलं याने फरक पडत नाही. १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याचं, म्हणजे चेकबिकांच्या कायद्याचं, कलम १३९ तो देण्यापोटीच दिला असं धरून चालतं. देणं नव्हतं, हे दाखवायचं सही करणाऱ्याने. चेक न वटता परत गेला, नोटीस आली आणि पंधरा दिवसांत पैसे दिले नाहीत, की कलम १३८. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

"पण तीन महिन्यांनी चेक बाद होतो ना?" मंदारने धरून ठेवलं.

"तारीख टाकल्यापासून तीन महिने," शिल्पाताई म्हणाली. "कोऱ्या चेकवर तारीख कोण टाकणार?"

मंदार यावर काही बोलला नाही. मी प्रसादला सांगितलं, कोरा देऊच नकोस. मालक अडूनच बसला, तर नाव, रक्कम, तारीख तू स्वतः भर आणि कशासाठी दिला ते चेकच्या नंबरासकट करारात लिहून घे. त्याने तिथूनच एजंटला फोन लावला.