काळे, काले आणि काये

नागपूरला फोन केला की सध्या घरात एकच वाद चालू असतो. पुतण्या ज्या बँकेत जातो तिथला नवा अधिकारी त्याला 'काले' म्हणून हाक मारतो. आमचं आडनाव काळे. दादा शाळेत शिक्षक आहे; तो म्हणतो, महाराष्ट्रात नोकरी करायची तर 'ळ' आलाच पाहिजे. वहिनी म्हणते, एका अक्षरानं काय बिघडतं, बर्डीच्या बाजारात आपणही अर्धी खरेदी हिंदीतच करतो. पहिलीपासून हिंदीचे शासन निर्णय सरकारनं जून २०२५ मध्ये मागे घेतले, पण तो राग निवलेला नाही, आणि बँकेतला हा 'काले' त्याच रागात जाऊन मिसळतो.

मी ऑकलंडमध्ये प्राथमिक शाळेत शिकवते, त्यामुळे हा प्रश्न रोज सकाळी हजेरीच्या वेळी माझ्यासमोर असतो. इथं मुलांची नावं एकाच रोमन लिपीत लिहिलेली असतात, पण उच्चार प्रत्येक घराचा वेगळा. इथल्या मूळ रहिवाशांच्या माओरी भाषेत 'डब्ल्यूएच' बहुतेक ठिकाणी 'फ'सारखा उच्चारतात. सामोआ बेटांवरच्या सामोअन भाषेत 'जी'चा उच्चार 'ङ' होतो, म्हणून लिहिताना पागो पागो दिसणारं गाव प्रत्यक्षात पांगो पांगो असतं. अक्षरं पाहून अंदाज बांधण्यात अर्थ नाही. पालकांना विचारावं लागतं, घरी कशी हाक मारता?

पण विचारायचा संकोच वाटतो म्हणून काही शिक्षक नावच टाळतात. निळा स्वेटर, खिडकीजवळचा, हं तू सांग. चुकीच्या उच्चारापेक्षा मला हे फार वाईट वाटतं. शेजारच्या मुलाचं नाव दिवसातून दहादा वर्गात घुमतं, ह्याचं एकदाही नाही. काही महिन्यांनी ते मूल स्वतःच सांगतं, मला सॅम म्हणा. अवघडलेपण शिक्षकाचं होतं, नाव मात्र मुलाचं गेलं.

म्हणून मी दादाच्या बाजूनं आहे. सार्वजनिक काउंटरवर बसणाऱ्यानं समोरच्याचं नाव नीट म्हणायला शिकलंच पाहिजे. पण दादाचं कारण मला मान्य नाही. त्याच्या मते 'काळे' शुद्ध मराठी आहे म्हणून तसं म्हणायचं. आमची आजी वर्धेकडची. तिच्या तोंडी शाळेची 'शाया' होती, डोळ्याचा 'डोया' आणि काळ्यांचे 'काये'. वऱ्हाडीत 'ळ'चा 'य' होतो, त्यात अशुद्ध काही नाही. पुण्यात शिकायला गेलेल्या कितीतरी वैदर्भीय मुलांनी 'पानी' आणि 'शाया' वर्गात गिळून टाकले, कारण कुणीतरी हसलं होतं. आजीनं स्वतःला 'काये' म्हटलं तर तेच तिचं नाव. ज्याचं नाव, त्याच्या घरचा उच्चार खरा.

न्यूझीलंडमध्ये यावर एका अख्ख्या शहराचा वाद झाला. व्हांगानुई नदीकाठच्या माओरी कुळांच्या बोलीत 'डब्ल्यूएच'चा 'फ' होत नाही. 'व' म्हणताना घशात किंचित अडतं. गोऱ्या वसाहतकारांनी फक्त 'व' ऐकला आणि शहराचं नाव 'एच' गाळून लिहिलं. तो 'एच' परत मिळावा म्हणून स्थानिक माओरींनी मागणी लावून धरली. २००९ मध्ये सरकारनं दोन्ही लेखनं अधिकृत ठरवली, २०१५ मध्ये जिल्ह्याचं नाव 'एच'सह झालं. पुष्कळ रहिवाशांना ते नको होतं. त्यांचंही म्हणणं हेच, एका अक्षरानं काय बिघडतं?

आता नागपूर. हे शहर वसवलं गोंड राजा बख्त बुलंद शाहनं. १९५६ पर्यंत ते मराठी-हिंदी अशा दुभाषी प्रांताची राजधानी होतं. आजही उईके, मडावी, आत्राम इथलेच आहेत. जरीपटक्यात सिंधी, शहरभर तेलुगू कुटुंबं, कॉलेजांत मणिपूर-नागालँडची मुलं. त्यांच्या नावांचं आपण काय करतो? दाक्षिणात्य दिसला की 'अण्णा', ईशान्येची मुलगी दिसली की 'चिंकी'. हा दुसरा शब्द तर सरळ अपमान आहे, आणि तो वापरणाऱ्या कित्येकांनी त्या मुलीला नाव विचारलेलंही नसतं. तमिळ खासदार कनिमोळी यांच्या नावातला ध्वनी आपल्या 'ळ'च्या जवळचा, तरी रोमन 'झेडएच' पाहून आपल्यापैकी अनेकजण 'कनिमोझी' वाचतात. 'ळ'साठी भांडणाऱ्यांनी निदान तिथं तरी तो वापरावा.

पुतण्याला मी सांगितलं, काउंटरवर थांब आणि नाव म्हणून दाखव. तो म्हणाला, "आत्या, मागं लाइन असते, तो बी अवघडते अन् मी बी." अवघडू दे. अर्ध्या मिनिटाचं अवघडणं दोघांनीही सोसावं. त्या माणसाच्या जिभेला 'ळ' कदाचित कधीच जमणार नाही, पण प्रयत्न ऐकू येतो, आणि मला तेवढा पुरे आहे.

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात. हजेरीपट वाचण्याआधी घरोघरचे उच्चार विचारून घ्यायला शिक्षकांना वेळ मिळतो. दादा म्हणतो, आधी आपला 'ळ' येऊ दे, मग बाकीच्यांचं बघू. मी त्याला सांगितलं, तू येत्या जूनमध्ये तुझ्या शाळेत सुरुवात कर, बँकेशी भांडण चालू ठेवूनच.